नमुना 23

घराचा नमुना 8 मागायला ग्रामपंचायतीत रोज कुणी ना कुणी उभं असतं. कर्जाला तो लागतो, वाटणीला लागतो, भांडणाला तर हमखास. नमुना 23 मागायला आलेला माणूस मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही. 'ताब्यातील रस्त्यांची नोंदवही' असं त्याचं नाव. रस्ता कोठून कोठपर्यंत, लांबी, रुंदी, खडीचा की डांबरी, एवढंच त्यात. रस्त्याला वारस नसतात, म्हणून असेल.

2014 साली शासनानं तालुक्याच्या गावांना नगरपंचायती द्यायचं ठरवलं. आमच्या जिल्ह्यात कडेगाव, खानापूर, शिराळा, कवठेमहांकाळ पुढं गेली. आटपाडी मागं राहिली आणि बऱ्याच उशिरा तिचा नंबर लागला. ग्रामपंचायतीचं दप्तर नव्या दारात न्यायचं म्हणजे जागा, दिवाबत्ती, नळ अशा याद्यांवर याद्या. त्यातली रस्त्यांची यादी जागेवर जाऊन पडताळायचं काम माझ्याकडं आलं. सोबतीला आमच्या गल्लीतल्या तात्यांना घेतलं. तात्या बांधकाम खात्यातले निवृत्त मैलमजूर. घमेलं, फावडं आणि डांबराचं पिंप यांत हयात गेलेली, पण कुठला रस्ता कुणाचा हे त्यांना झोपेतही सांगता येई.

एस.टी. स्टँडपासून सुरुवात केली. दिघंचीहून येऊन भिवघाटाकडं जाणारा रस्ता गावाच्या ऐन पोटातून जातो. बाजारादिवशी त्यावर शेळ्यामेंढ्या, डाळिंबाची पिकअप, उसाची ट्रॉली, सगळं एकदमच. मी वही उघडली तशी तात्या म्हणाले, "ह्यो घालू नगंस. ह्यो राज्यमार्ग. गटार तुंबली की लोक शिव्या तुम्हास्नी देणार, पण रस्ता तुमचा न्हाय."

"गावातनं तर जातोय, तात्या."

"कुठनं बी जाऊ दे. दगडाचा माथा हिरवा हाय न्हवं?"

किलोमीटरच्या दगडांचा माथा राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्यमार्गाला हिरवा, पंतप्रधान ग्रामसडकेला केशरी. हे दगड तात्यांनी स्वतः रंगवलेले, त्यामुळं त्यांच्या लेखी सातबारा तोच.

खालपासून धरलं तर ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, राज्यमार्ग, राष्ट्रीय महामार्ग अशी ही उतरंड. कागदोपत्री ग्रामा, इजिमा, प्रजिमा. पहिले दोन जिल्हा परिषदेकडं, प्रजिमा आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडं. एखाद्या रस्त्याला वर चढवायचं तर खालून ठराव जातो, लांबी, जोडलेली गावं, वाहतूक बघितली जाते आणि शेवटी मंत्रालयातून शासन निर्णय निघतो. त्याच्या तळाला एक मजेशीर हिशोब असतो: जिल्ह्याच्या इजिमा लांबीत इतकी वाढ, ग्रामीण मार्गांच्या लांबीत इतकी घट. रस्ता जागचा हललेला नसतो, खडीचा एक दगड वाढलेला नसतो. बदललेलं असतं ते एवढंच, की खड्डा पडला तर कुठल्या कचेरीच्या पायऱ्या चढायच्या आणि पैसे कुठल्या लेखाशीर्षातून यायचे.

वर चढण्यात सगळ्यांचंच भलं असतं असंही नाही. दर्जा वाढला की रस्त्याच्या मध्यापासून बांधकाम किती लांब ठेवायचं ते अंतर वाढतं. दुकानाची पायरी, पत्र्याची शेड, पुढं काढलेला ओटा, सगळं एका कागदानं अडचणीत येतं. त्यामुळं शेताकडचा माणूस रस्ता चढवा म्हणतो आणि पेठेतला उतरवा म्हणतो. उतरवायची खरी घाई देशानं पाहिली ती 2017 मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री 1 एप्रिलपासून बंद केली. वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला 220 मीटरची सवलत दिली. चंदीगडनं तर त्याआधीच, मार्चमध्ये, शहरातले राज्य महामार्ग प्रमुख जिल्हा मार्ग करून टाकले होते. आपल्याकडं जळगाव, यवतमाळ इथले शहरातून जाणारे तुकडे स्थानिक संस्थांकडं वर्ग करण्यावरून गदारोळ झाला. त्याच जुलैत न्यायालयानं पालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नसल्याचं स्पष्ट केलं आणि घाई संपली. मी हे सांगितलं तेव्हा तात्या हसले. "वाडीचा रस्ता चढवायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. दारूचा रस्ता महिन्यात उतरला व्हय?" मला यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.

गल्ल्यांची मोजणी भराभर झाली. खरा गुंता मळ्यांकडं निघाल्यावर. आटपाडीच्या हद्दीत वस्त्या लांबपर्यंत पसरल्यात. माणूस नगरपंचायतीचा मतदार, आणि घराभोवती डाळिंब, मका, बांधाला शेरडं. जिल्हा परिषदेच्या एका ग्रामीण मार्गाचा अर्धा भाग आता शहरात आणि अर्धा गावाकडं. डांबर तेच, बाभळी त्याच. पण रोजगार हमी ग्रामीण भागासाठी, ग्रामसडक योजना ग्रामीण भागासाठी. 2021 ची मातोश्री पाणंद रस्ते योजनाही रोजगार हमीच्याच आधारानं चालणारी. हद्दीच्या अलीकडं राहणाऱ्याला ती दारं बंद. त्यानं आता नगरोत्थानसारख्या शहरी योजनांकडं बघायचं, आणि तिथं पेठेतल्या चौकापुढं पाणंदीचा पाड कसा लागायचा? शहर झालो म्हणून फटाके वाजले तेव्हा हे कुणी मोजलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटाकडं एका पाणंदीपाशी आलो. गावनकाशात ती दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली, म्हणजे गाडीमार्ग. रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. जागेवर एक चाक बांधावर चढल्याशिवाय बैलगाडी जाईना. टेप लावला तर नऊ फूट भरले. तेवढ्यात डाळिंबातून एक मावशी फवारणीचं फडकं तोंडावरून खाली करत आल्या.

"काय मोजताय बाबा? माझी झाडं जाणार न्हाईत न्हवं?"

"नाही मावशी, रस्ता वहीत घेतोय. नोंद असली तर पुढं खडी तरी पडंल."

"मग घ्या की. पावसात दवाखान्याला न्यायची पंचाईत व्हती. पण रुंदी लिवू नका."

"रुंदीचा रकाना मोकळा ठेवता येत नाही."

त्यांनी नकाशावर वाकून त्या तुटक रेषा बघितल्या. तात्यांनी साडेसोळा फुटांचा हिशोब बोटांवर करून सांगितला. उरलेले साडेसात फूट कुठं गेले, हे सांगायची वेळ कुणावर आली नाही. मावशींनी पलीकडच्या बांधावरच्या शेवग्याकडं हात केला आणि म्हणाल्या, "माझ्याकडनं नगं. तिकडनं मोजा. त्यो कालवर तिथं नव्हता."