काम काय करता?

डोळ्याला दिसेनासं झालं की माणूस लगोलग दवाखाना गाठतो. वास येईनासा झाला तर महिनोन् महिने घरातसुद्धा बोलत नाही. ‘जुनी सर्दी हाय’ एवढ्यावर भागतं. त्यातून एकाच बाजूचा वास गेला, तर दुसरी नाकपुडी सांभाळून घेते आणि नुकसान झाकलं जातं.

परभणीत आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांच्या दारात मृगाआधी वखरं-तिफणींची रांग लागे. लाकूड साग की बाभूळ, हे काका भुशाची चिमूट हुंगून सांगत. त्या नाकाचं गल्लीला फार कौतुक. त्याच नाकात दिवसभर भुसाही जातो, याचं कुणाला काही वाटत नसे.

ते वाटलं खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडातल्या हाय विकम गावाजवळ. कान-नाक-घसातज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांना दिसलं, की नाकातल्या एका विरळ कर्करोगाचे रुग्ण बरेचसे फर्निचर कारागीरच आहेत. १९६८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. सर्वांत भक्कम पुरावा ओक, बीच अशा कठीण लाकडांचा. या कर्करोगाची गाठ पुष्कळदा नाकाच्या छताशी, वास टिपणाऱ्या पेशींच्या शेजारीच धरते, आणि तीही धूळ खाल्ल्यावर कैक वर्षांनी. एकच नाकपुडी चोंदणं, रक्त येणं, वास मंदावणं, ही तिची लक्षणं.

वास जाण्यामागं बहुतेकदा सर्दी, कोविड किंवा नाकातला कोंब असतो, गाठ क्वचित. पण त्या क्वचितापर्यंत पोचायला हॅडफिल्ड यांना एका साध्या प्रश्नाचा आधार झाला: काम काय करता? रामाझिनी या इटालियन वैद्यानं १७०० सालीच सांगितलं होतं, की रुग्णाला हे विचारा.

आपल्याकडं तो प्रश्न राहून जातो, कारण उत्तर माहीत आहे असंच आपण धरून चालतो. आडनाव कळलं की धंदा कळला, ही बलुतेदारीची सवय. आता प्लायवूड कापणारं पोर कुठल्याही घरातलं असतं, आणि विजेच्या करवतीची बारीक धूळ आडनाव बघत नाही. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं शिकणाऱ्या पोरांनी जुनाट सर्दीवाल्याला गावाआधी काम विचारलं, तर त्या तपासणीला यंत्रही लागणार नाही.