जुन्या दुखण्यांचा विसर पडू नये

आजाऱ्यांच्या भेटीस जाणे हे पुरोहिताचे नित्याचे काम. त्या निमित्ताने घरोघरी जाताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानी आली आहे. घरात कर्करोगाचे निदान झाले, की बाकीची सर्व दुखणी एका दिवसात क्षुल्लक ठरतात. मधुमेहाची गोळी फळीवरच राहते. रक्तदाबाचे औषध आणावयास कोणी बाजारात जात नाही. ‘फादर, एवढा मोठा रोग आला, आता त्या गोळ्या कशाला?’ असे आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याची सून आम्हांस म्हणाली. तिच्या बोलण्यात हयगय नव्हती, भीती होती. परंतु रक्तातील साखर वाढल्यामुळे त्या वृद्धाच्या तोंडाची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली, आणि गाठ काही थांबून राहिली नाही.

वाचकहो, मोठा रोग आला म्हणून धाकटे रोग घर सोडून जात नाहीत. कर्करोग बहुधा उतारवयात होतो, आणि त्या वयात हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात. शिवाय कित्येकदा मूळ एकच असते. जी तंबाखू तोंडात वा फुप्फुसात कर्करोग उत्पन्न करते, तीच हृदयाच्या रक्तवाहिन्याही बिघडविते.

अमेरिकेतील वैद्य मेरी चार्लसन व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली सोबतच्या आजारांचे १९ प्रकार ठरवून प्रत्येकास गांभीर्याप्रमाणे गुण दिले, व ती पद्धत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर पडताळून पाहिली. रुग्ण किती काळ जगेल, हे सोबतच्या आजारांवरही अवलंबून असते, असे त्यातून दिसून आले.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडांवर भार टाकते; डॉक्सोरुबिसिन हृदय दुर्बळ करू शकते; ओकारी थांबविण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढते. म्हणून डॉक्टर आधी रक्त, लघवी, हृदय तपासतात, आणि मगच औषध व त्याची मात्रा ठरवितात. सोबतचा आजार आहे म्हणजे उपचार नाहीत, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. आजार ठाऊक असला तर वाट बदलता येते. लपविला तर ती वाट धोक्याची होते.

यास्तव आमची विनंती अशी. इस्पितळात जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावी. वैद्याचा काढाही त्यात असावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आवर्जून सांगावी. पूर्वी क्षय झाला असेल, दारूचे व्यसन असेल, तर लाज धरू नये. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि आजाऱ्याची आई, पत्नी वा सून जे सांगते ते डॉक्टरांच्या कानी घालावे. कारण रात्री त्याला धाप लागते की पाय सुजतात, हे प्रथम तिलाच दिसते.