चांदीचं पाणी

या पाण्यासाठी हुपरीच्या कारागिराकडून चांदीची तार घेताना मी आधी टंच विचारतो. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, त्याशिवाय दागिना टिकत नाही. पण त्याच तारेतून पाण्यात वीज सोडली, तर चांदीच्या जोडीनं तांबंही उतरतं. म्हणून तार ९९९ टंचाचीच हवी.

पाण्याबाबत तर मी जास्तच काटेकोर आहे. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि चांदीची त्याच्याशी लगेच गाठ पडते. पाणी दुधाळ होतं, उजेडात करडं पडतं. हे सिल्व्हर क्लोराइड; मला हवं असलेलं कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण, नव्हे. डिस्टिल्ड वॉटरला पर्याय नाही. मात्र तेच पाणी विजेला जवळजवळ अडवतं. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून दोन तारा पाण्यात सोडल्या, तरी सुरुवातीला मिलिअमीटरचा काटा जेमतेम हलतो. चांदीचे आयन पाण्यात उतरू लागले की प्रवाह आपोआप वाढत जातो, आणि खरं काम तिथून सुरू होतं. प्रवाह मोकळा सोडला तर ऋण तारेवर काळसर, केसाळ चांदी वाढते, तिचे तुकडे तळाशी बसतात. म्हणून मंडलात रोधक घालायचा, पाणी सतत हलकं ढवळायचं, मधूनमधून तारा पुसायच्या. घाई करणाऱ्याला इथे फक्त गाळ मिळतो.

किती चांदी उतरली, याचा हिशेब मायकेल फॅरेडे देऊन गेले आहेत. १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर ३.६ कूलोम विद्युतभार जातो आणि धन तारेवरून साधारण ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. लिटरभर पाण्यात ती दशलक्षात ४ भाग होते. ही कमाल मर्यादा, कारण काही चांदी ऋण तारेवर परत बसतेच. एवढं गणित कागदावर मांडल्याशिवाय बॅटरी जोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याच फॅरेडेंनी १८५७ मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले आणि त्यातून प्रकाशाचा झोत सोडून कण ओळखले. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. कणांमुळे प्रकाशाची वाट दिसण्याच्या या परिणामाला पुढे त्याच संस्थेतल्या जॉन टिंडल यांचं नाव मिळालं. शाळेच्या पुस्तकातला टिंडल परिणाम मुलांना दाखवायला मला या पाण्याइतकं सुंदर साधन दुसरं सापडलेलं नाही. अंधाऱ्या खोलीत लेझरचा किरण साध्या डिस्टिल्ड वॉटरमधून जवळजवळ न दिसता निघून जातो. चांदीच्या पाण्यात त्याची अखंड रेघ उमटते. कण बारीक आणि पुरेसे असतील तर पाण्याला फिकट पिवळी झाक येते, कारण ते कण जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात.

पण रेघ दिसली म्हणजे सगळी चांदी कणरूपात आहे असं नाही. थोडं पाणी वेगळ्या पेल्यात घेऊन मिठाच्या पाण्याचा थेंब टाकावा. पांढरट ढग उठला, तर चांदी आयनांच्या रूपात विरघळलेली आहे. बॅटरीवर घरी केलेल्या पाण्यात बहुतेक वेळा असा ढग उठतोच. कलिल हे नाव त्याला निम्मंशिम्मंच शोभतं. तयार झालं काय, हे ओळखता येणं मला तयार करण्याहून मोठं कसब वाटतं.

ही ओळख नसली की माणसं ते पिऊ लागतात, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. चांदी जंतू मारते हे खरं. १८८० च्या दशकात लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि पुष्कळ मुलांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमेवरच्या मलमात चांदी आजही असते. पण तो बाहेरून केलेला, मोजून मापून केलेला उपचार. पोटात गेलेली चांदी त्वचेत साचते, उजेडात काळवंडते आणि कातडी कायमची निळसर-करडी होते. याला अर्जिरिया म्हणतात. पिऊन कुठला आजार बरा होतो याचा पुरावा नाही, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कलिल चांदीची उत्पादनं औषध म्हणून सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत असा नियमच केला.

कृती विचारायला कुणी आलं, तर मी आधी हे सगळं सांगतो, मग तारा दाखवतो. गडद बाटलीत पाणी भरल्यावर चिठ्ठीवर तारीख, प्रवाह, वेळ लिहितो आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘पिण्यासाठी नाही’.