देवाच्या घरचा जमाखर्च

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागले की नागापूर येते, आणि औद्योगिक वसाहतीच्या भोंग्यांवर ज्यांचे दिवस-रात्र बेतलेले असतात अशा तेथील असंख्य कुटुंबांपैकी आमचे एक. माझे वडील नेवासे तालुक्यातल्या खेड्यातून पोटासाठी येथे आले, ते एक पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते आणि फडक्यात बांधलेले पवित्र शास्त्र एवढा ऐवज घेऊन. मी याच वसाहतीतल्या एका कारखान्याच्या भांडारात कारकून म्हणून चिकटलो आणि भांडारपाल म्हणून निवृत्त झालो. आवक-जावकेच्या वह्या सांभाळण्यात ज्याचा जन्म गेला त्याला एक खोड जडते: शिल्लक जुळली नाही की जेवण गोड लागत नाही. ही खोड मी देवळाच्या दारात पायताणांबरोबर काढून ठेवायला हवी होती, असे आमच्या मंडळीतील काही थोरांचे मत आहे. माझे मत निराळे आहे, आणि तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमची मंडळी तशी लहानच. तिचे नाव येथे घालीत नाही, कारण माझी तक्रार तिच्या नावाशी नाही, आणि ज्या वेदीपुढे माझा बाप्तिस्मा झाला, लग्न लागले व आईची शवपेटी ठेवली गेली तिच्याविषयी माझ्या मनात आजही ममत्वाखेरीज दुसरे काही नाही. एक पाळकसाहेब, निवडून आलेले पंच, पंचांतलाच एक खजिनदार, दर आदितवारची उपासना आणि वर्षाकाठचा सुगीचा सण, असा तिचा सरळ कारभार. ज्यांनी हा सण पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जोंधळ्याची कणसे, ऊस, कोहळे, पायलीभर बाजरी, पाय बांधलेली गावरान कोंबडी, क्वचित एखादे करडू, जे ज्याच्या घरी पिकले वा पोसले ते तो वेदीपुढे आणून ठेवतो, आणि उपासना आटोपली की अंगणात त्याचा लिलाव मांडला जातो. लिलावात एक मौज असते. एकाने कोहळा बोली चढवून घ्यायचा आणि पैसे भरून तोच पुन्हा देवाला अर्पण करायचा; मग दुसऱ्याने तो घ्यायचा, त्यानेही परत द्यायचा; असा एकच कोहळा दिवसभरात पाचसहा घरांचे पैसे मंडळीच्या पेटीत घालून शेवटी कोणाच्या तरी चुलीवर चढतो. एके वर्षी आमच्या आळीतल्या एका वृद्ध विधवेने रुमालात गुंडाळून चार अंडी आणली होती. बोली पुकारणाऱ्याने ती थट्टेने हातात झेलली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "हळू रं बाबा, देवाची हायेत." त्या अंड्यांचे पैसे कोणत्या खात्यात जमा झाले हे पाहावे, असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

ते पाहणे सोपे नव्हते. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जाई, पण तो एवढ्या घाईने, की ऐकणाऱ्याच्या कानी 'किरकोळ', 'तसलमात' आणि 'एकूण' हे तीनच शब्द पडावेत. त्यातच देवळाच्या रस्त्याकडेची मोकळी जागा गाळे बांधण्यासाठी कोणा एका इसमास दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्याची वार्ता आली, आणि अनामत म्हणून घेतलेली रक्कम त्या वर्षीच्या जमेच्या बाजूस मला दिसेना. मी सभेत उभा राहिलो, नम्रपणे विचारले की भाडेपट्ट्याची नक्कल मंडळीसमोर ठेवता येईल काय. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ पंच उठले आणि देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये अशा अर्थाचे शास्त्रवचन त्यांनी माझ्या अंगावर फेकले. सैतान विश्वासणाऱ्यांत फूट पाडण्यासाठी शिकलेल्या माणसांचेच तोंड वापरतो, असेही ते म्हणाले. मी जेमतेम मॅट्रिक; तेव्हा त्या वाक्यातला निदान अर्धा भाग तरी माझा गौरव होता.

पुढच्या आदितवारपासून माझ्या बाकावर आम्ही दोघेच, मी आणि कुटुंब. प्रार्थना सांगण्याची माझी पाळी यादीतून गळली. नातवाच्या वाढदिवसाच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांना सवड झाली नाही. घरी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कशाला त्या नादाला लागता? देव बघतोय ना सगळं." हा युक्तिवाद मला जन्मात खोडता आला नाही, आणि तरीही तो मान्य करवेना, कारण देव पाहतो म्हणून माणसाने डोळे मिटावेत, असे शास्त्रात कोठे आढळत नाही. उलट पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय कोणीही काढून पाहावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पोहोचविताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि कारणही उघड सांगितले की, या देणगीच्या व्यवस्थेवरून कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये. देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा. प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही ते आमच्या खजिनदारास का वाटावे?

अखेर मी नगरला धर्मादाय कचेरीत गेलो. आपल्या राज्यात देऊळ असो, गिरिजाघर असो, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या प्रत्येक संस्थेस 1950 चा अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या 36 व्या कलमान्वये संस्थेची बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून अधिक, व शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे मला तेथल्या एका सज्जन कारकुनाने जागेवरून उठून, पुस्तक उघडून दाखविले. मी अर्ज केला, शुल्क भरले आणि आमच्या मंडळीच्या नोंदीचा उतारा, ज्यास तेथे 'परिशिष्ट एक' म्हणतात, तो हाती घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर वाचीत बसलो. विश्वस्तांच्या यादीतले पहिलेच नाव वाचून मला हसावे की रडावे ते कळेना. त्या गृहस्थांच्या शवपेटीस मी स्वतः खांदा दिला होता. त्यांच्याखालचे दोघेही केव्हाच प्रभूपाशी गेलेले. आमच्या मंडळीची स्थावर मिळकत, सरकारी दफ्तराप्रमाणे, बहुतांशी स्वर्गस्थ मंडळी सांभाळीत होती, आणि भूतलावरील पंच त्यांच्या वतीने करार करीत होते!

या काळात मला ज्यांचा आधार वाटला ते याच नगरात पूर्वी वावरून गेलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1831 पासून नगरास ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, 1842 साली 'ज्ञानोदय' सुरू केला, आमच्या आजा-पणजांना अक्षर दिले. हे ऋण नाकारणारा कृतघ्न ठरेल. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक याच मिशनचे उपदेशक आणि 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक. परंतु ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा जसजशी खोल होत गेली तसतसे परदेशी व्यवस्थेच्या पगारी चौकटीत त्यांचे मन रमेना, आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा 'देवाचा दरबार' उभारण्यासाठी ते सातारला निघून गेले. ख्रिस्त सोडला नाही, अभंग सोडले नाहीत. सोडला तो केवळ पगार. त्यांच्याआधी पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला त्याच्याच अधिकारवाणीशी पत्रांतून निर्भीड वाद घातला. ज्यांनी ख्रिस्त स्वतःहून, घरदार पणाला लावून स्वीकारला त्यांना संस्थेची भीती उरली नाही. आम्हां जन्मतः ख्रिस्ती असणाऱ्यांनाच ती अधिक, हे मला विचार करण्याजोगे वाटते.

मात्र टिळकांचे अनुकरण मी करू शकलो नाही, आणि करूही नये असे ठरविले. एक तर मी कवी नव्हे. दुसरे, 1919 च्या मे महिन्यात टिळक निवर्तले आणि त्यांच्या पश्चात तो दरबार फार काळ तग धरू शकला नाही. एका तेजस्वी पुरुषाभोवती जमलेली माणसे तो जाताच पांगतात, पण वही, ठराव आणि निवडणूक यांच्या आधारावरची मंडळी, कितीही रुक्ष असली तरी, म्हातारीची अंडी पिढ्यानपिढ्या स्वीकारीत राहते. (पैशाच्या बाबतीत टिळकांचा हात किती सैल होता हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'च्या वाचकास सांगावयास नको, भांडारपालाच्या नात्याने मी आमची पेटी त्यांच्या स्वाधीन केली नसती.) म्हणून मी मंडळी सोडली नाही. बाकावर बसत राहिलो, आणि लेखी प्रश्नही पाठवीत राहिलो, दर वेळी पोच घेऊन.

माझी श्रद्धा या सर्वांत डळमळली का, असे एका तरुण नातलगाने विचारले. त्याला वाटले होते मी हो म्हणेन. खरे सांगायचे तर संस्थेवरचा भाबडा भरवसा गेला, आणि त्या भरवशाला मी इतकी वर्षे श्रद्धा समजत होतो हे लक्षात आले. तो गेल्यावर उरले ते अधिक टणक निघाले. संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही दोघे 'उपासना संगीत' उघडून एक गीत म्हणतो, शास्त्राचा एक उतारा वाचतो, आणि मी प्रार्थनेत त्या ज्येष्ठ पंचांचे नाव घेतो. आरंभी ते घेताना दात आवळले जात. आता जात नाहीत. कुटुंबाचेही मत थोडे हलले आहे. परवा त्यांनीच विचारले, "त्या परिशिष्टाचं पुढं काय झालं?"

पुढे झाले ते एवढेच. हयात विश्वस्तांची नावे नोंदविण्यासाठी बदल अर्ज दाखल झाला आहे. लेखापरीक्षित जमाखर्च आता देवळाच्या व्हरांड्यात फलकावर लागतो, आणि त्यात लिलावाच्या जमेचे स्वतंत्र खाते आहे. भाडेपट्ट्याचा प्रश्न अद्याप लटकलेला आहे. ज्येष्ठ पंच माझ्याशी बोलत नाहीत, पण प्रभुभोजनाच्या दिवशी प्याल्यांचे तबक पुढे करताना माझ्यापाशी ते थांबतात.

आमच्या दारावरून शिर्डीला जाणाऱ्या पायी पालख्यांची रीघ असते. शिर्डीच्या संस्थानासाठी विधिमंडळाने 2004 साली स्वतंत्र अधिनियम केला, शिंगणापूरच्या देवस्थानासाठी 2018 साली. म्हणजे हा विषय एका धर्माचा नव्हे, हे उघड आहे. वाचकांपैकी ज्यांचे ज्या देवस्थानाशी वा मंडळीशी नाते असेल त्यांनी धर्मादाय कचेरीत एकवार अर्ज करून त्या संस्थेच्या 'परिशिष्ट एक'चा उतारा काढावा, आणि त्यातील विश्वस्त हयात आहेत की नाहीत एवढे तरी पाहून घ्यावे.