वसतिगृहाचे फाटक

परिचर्येचे शिक्षण कोणत्या शहरात घ्यावे, हा प्रश्न कासारवाडीत खरे तर पडू नये. कारण एका बाजूला पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, दुसऱ्या बाजूला पुण्याचे ससून आणि मधून धावणारी लोकल. तरीही जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवेची पदविका, घेऊ पाहणाऱ्या मुलींच्या घरी यावरून अबोले धरले गेले आहेत.

अलीकडे नाशिक फाट्याच्या मेट्रो स्थानकात, रात्रपाळी करून परतणाऱ्या एका परिचारिकेच्या कपड्यांना येणाऱ्या स्पिरिटच्या वासाने प्रस्तुत लेखिकेला आत्याचा प्रवेश आठवला: पुण्याला नाव घालायला गेलेल्या आजोबांनी वॉर्ड पाहिलेच नाहीत, वसतिगृहाचे फाटक पाहिले आणि ते किती वाजता लागते, एवढेच विचारले.

1909 साली पुण्यात सेवासदन सुरू करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी विधवांना ससूनमध्ये परिचर्या शिकण्यास धाडले, तेव्हा परक्या रुग्णाची सेवा हे काम समाजाला कमीपणाचे वाटत होते. त्याआधी 1897 च्या प्लेगात रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला होता. आजोबांना यातले काही ठाऊक नव्हते, त्यांना फाटक ठाऊक होते.

शहर निवडताना वॉर्ड पाहावा, इमारत नव्हे. कारण भोसरीच्या प्रेसमशीनखाली चिरडलेले बोट, विषबाधा आणि अडलेले बाळंतपण एकाच आठवड्यात हाताखालून जाते, ते गर्दीच्या सरकारी रुग्णालयात. काचेच्या दर्शनी भिंती मिरवणाऱ्या, पण प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थिनींना दुसऱ्याच्या खाटांपाशी उभे करणाऱ्या महाविद्यालयांविषयी लेखिकेच्या मनात अढी आहे आणि ती सोडण्याचा विचार नाही.

आत्याने शिकताना दिलेले पहिले इंजेक्शन पेनिसिलिनचे होते. ते देण्यापूर्वी किंचित औषध त्वचेत टोचून त्याचे वावडे नाही ना, हे पाहावे लागते. 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पिंपरीतील कारखान्यात पेनिसिलिन बनत असल्याने, कुपी हाती घेताना ती याला माहेरचे औषध म्हणे.

पुढे तिने नोकरी मात्र पिंपरीत धरली, कारण दुपारपाळी संपल्यावर रात्री फलाटावर एकटीने लोकलची वाट पाहणे तिला नको होते. शिकायला पुणे आणि नोकरीला पिंपरी हा तिचा क्रम कासारवाडीच्या मुलीने आजही बदलावा, असे कारण दिसत नाही.