नाव न घातलेले पेले

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने निरोप समारंभाच्या आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्हांला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. आनंद एवढ्यासाठी, की मार्च १९९८ मध्ये दहावीची परीक्षा दिलेल्या आम्हां त्रेचाळीस जणांची शाळेने अजून आठवण ठेवली आहे. धास्तीचे कारण पुढे येईलच. ते टाळून लिहिण्याचा प्रयत्न आम्ही दोनदा केला, दोन्ही वेळा लेख खोटा वाटला. म्हणून आता जसे घडले तसे लिहितो.

बालाघाटाच्या रांगेतील आपली शाळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पहाटेची ती घंटा सांगायला नको. पाच वाजता रुळाच्या तुकड्यावर हातोडी पडे. हौदातील पाणी हिवाळ्यात अंगाला चावत असे. ओल्या केसांनी विहारात रांगेने बसायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचे, आणि मग भोजनगृहाच्या दिशेने नाक लावून अभ्यासाला बसायचे. आठवड्याचे सहा दिवस भाकरी, आमटी किंवा पिठले, रविवारी शिरा. त्या शिऱ्यात साखर कमी पडली की भोजनगृहातल्या मावशी म्हणत, "अरे, साखर तुमच्याच आईबापांच्या घामाची, मला जपून वापरू द्या." तेव्हा आम्ही हसत असू.

त्या बोलण्यात विनोद फारसा नव्हता. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांचे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या निघत, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परतत. पाठीमागे गावात म्हातारी माणसे आणि कुलपे राहत. मुलांना बरोबर नेले तर शाळा सुटे, ठेवले तर पोटाचे काय, हा प्रश्न सोडवण्यासाठीच तर हे वसतिगृह उभे राहिले होते. आमच्या सुट्या संपत तेव्हा आमची घरे बंद असत. खरे घर हेच होते. हे आधी नीट सांगितले नाही, तर पुढे आम्ही काय केले त्याचे वजन कळणार नाही.

नववीत असताना सहल अजिंठ्याला गेली होती. दिवसभर वाघूर नदीच्या त्या वळणावरून लेण्यांमागून लेणी पाहून आम्ही दमलो होतो, आणि सव्वीस क्रमांकाच्या लेण्यात शिरताना निम्म्या मुलांचे लक्ष डब्यांकडे होते. डाव्या भिंतीवर तथागतांचे महापरिनिर्वाण कोरलेले आहे. उजव्या कुशीवर पहुडलेली ती भव्य मूर्ती पाहून सगळे गप्प झाले, मग सगळे पुढे सरकले. आमच्यातला एक जण तेवढा मागे राहिला. तो पायांकडच्या बाजूला उभा राहून हाताला डोके टेकून बसलेल्या एका लहान आकृतीकडे पाहत होता. "हा कोण?" त्याने इतिहासाच्या सरांना विचारले. "आनंद. पंचवीस वर्षे त्यांची सेवा केली. त्याला निरोप देणे जमत नाहीये," सर म्हणाले. बसमध्ये आम्ही त्याला 'आनंद' म्हणून चिडवले. पुढे ते नावच पडले. या लेखातही त्याला आनंदच म्हणू. त्याचे खरे नाव लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे असे वाटत नाही.

दहावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुटीआधी, परीक्षेच्या फॉर्मचे पैसे भरायचे होते. आमच्यातील एकाचे दीडशे रुपये पत्र्याच्या पेटीतून नाहीसे झाले. आई आजारी असताना कुणाकडून तरी उसने घेऊन त्याच्या वडिलांनी ते पाठवले होते. तो मुलगा पेटीसमोर बसून रडला. त्या दिवशी दुपारी ताप आल्यामुळे आनंद एकटाच खोलीत झोपलेला होता. एवढा एकच पुरावा. चौकशी झाली, आनंदची पेटी उघडली गेली, तीत दोन सदरे, एक जुनी वही आणि आजीने दिलेले शेंगदाण्याचे लाडू निघाले. शिक्षकांनी विषय संपवला, फॉर्मचे पैसे शाळेने भरले. आम्ही मात्र संपवला नाही.

ठरवून काही झाले नाही, हे लिहिताना बचाव केल्यासारखे वाटते, पण तसेच झाले. प्रथम त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. मग अभ्यासिकेत त्याच्याशी बोलणे थांबले. वंदनेच्या वेळी पंचशीलातील दुसरे शील आले की आमचे आवाज आपोआप चढू लागले, आणि आम्ही डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहत असू. चौथे शील असत्य भाषणाविषयी आहे. ते आम्ही रोजच्याच आवाजात म्हणत होतो.

त्या काळी प्रत्येकाचा पेला ज्याचा त्याचा असे. घरून आणलेला, भांड्यांच्या दुकानात नाव घालून घेतलेला. कुणाच्या पेल्यावर स्वतःचे नाव, कुणाच्या पेल्यावर आईच्या लग्नातल्या आहेराची तारीख. सगळे पेले पाण्याच्या पिंपाशेजारच्या फळीवर ओळीने उपडे घातलेले असत. एके दिवशी आनंदचा पेला ओळीतून निघून खिडकीच्या कट्ट्यावर गेला. कुणी ठेवला, हे आजही कुणी सांगत नाही. तो तिथेच राहिला, आणि आनंदही निमूटपणे तिथूनच तो घेऊ लागला.

ज्या शाळेच्या भिंतीवर चवदार तळ्याचे चित्र होते, २० मार्च १९२७ ही तारीख ज्यांना झोपेतही पाठ होती, ज्यांच्या आजोबांनी गावच्या विहिरीवर ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्याले होते, त्या मुलांनी एका मुलाचा पेला वेगळा केला. 'बहिष्कृत भारत' हे बाबासाहेबांचे पाक्षिक कोणत्या साली निघाले, या प्रश्नाला आमच्या तुकडीने त्याच सहामाहीत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

एका दुपारी इतिहासाचे सर भोजनगृहात आले. त्यांनी फळीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. कट्ट्यावरचा पेला उचलला, पिंपातून भरला, सगळ्यांसमोर उभे राहून पाणी प्यायले, पेला विसळून फळीवर ओळीत ठेवला आणि निघून गेले. एक शब्द बोलले नाहीत. आम्हांला वाटले, सरांना तहान लागली असावी. इतके आम्ही निबर झालो होतो. संध्याकाळी पेला पुन्हा खिडकीत होता.

दिवाळीची सुटी संपली, सारे परतले. आनंद परतला नाही. आईवडिलांबरोबर फडावर गेला, असे त्याच्या गावाकडून आलेल्या कुणीतरी सांगितले. त्याआधी चार हंगाम तो वसतिगृहातच राहिला होता.

जानेवारीत ज्याचे पैसे गेले होते त्याने पेटीच्या तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागद बदलायला काढला. दीडशे रुपये खालच्या घडीत होते. आईच्या भीतीने त्यानेच ते खोल ठेवले होते आणि विसरला होता. तो ती नोट आणि त्या नोटा हातात धरून किती वेळ तरी खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. कुणी त्याला दोष दिला नाही. देण्याच्या जागी कुणी उरलेच नव्हते.

आम्ही आनंदच्या गावच्या पत्त्यावर पत्रे टाकली. उत्तर आले नाही. घरी फक्त आजी होती आणि तिला वाचता येत नव्हते. मग आम्ही मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळे सांगितले, खिडकीसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. इतिहासाच्या सरांनी रजा टाकली आणि मुकादमाकडून कारखान्याचा ठावठिकाणा घेऊन एसटीने निघाले.

निरोप समारंभ फेब्रुवारीत झाला, तेव्हा सर अजून आले नव्हते. रीतीप्रमाणे प्रत्येक तुकडी शाळेला भेट देई. बहुधा भिंतीवरचे घड्याळ, त्यावर तुकडीचे साल. आमचीही वर्गणी जमली होती. आम्ही तालुक्याच्या बाजारातून स्टीलचे पेले आणले. दुकानदाराने यंत्र सुरू करून विचारले, "नाव काय घालायचं?" आम्ही म्हणालो, काहीच घालू नका. "मग कुणाचे ते कसे कळणार?" तो म्हणाला. त्याला समजावून सांगण्याइतके धैर्य आमच्यापाशी नव्हते. समारंभात ज्युनियर मुलांनी गाणी म्हटली, मावशी पदराने डोळे पुसत राहिल्या, आम्हीही रडलो. लोकांना वाटले, शाळा सुटणार म्हणून रडतात. तेही खरे होतेच. पण भाषणाची पाळी आली तेव्हा आमच्या वतीने बोलणारी मुलगी दोन वाक्ये बोलून खाली बसली.

परीक्षेच्या तीन दिवस आधी सर परतले. मागे आनंद होता. हातांना कोयत्याचे घट्टे, पाचटाने ओरखडलेले दंड, चेहरा काळवंडलेला. आम्ही माफी मागितली. आधी एकेकाने, मग सगळ्यांनी. तो म्हणाला, "बरं." मग भूगोलाची वही मागून घेतली. रात्री जेवताना तो फळीपाशी गेला, नव्या पेल्यांकडे थोडा वेळ पाहत राहिला, एक घेतला आणि पाणी प्यायला. त्याचा स्वतःचा पेला आम्ही घासून ओळीत ठेवला होता. त्याला त्याने हात लावला नाही.

तो आमच्याबरोबर सगळे पेपर बसला, आणि पास झाला. शेवटचा पेपर सुटल्यावर आम्ही परीक्षा केंद्राच्या फाटकाशी त्याची वाट पाहत उभे होतो. तो दुसऱ्या दाराने एसटी स्थानकावर गेला होता. फडावर अजून महिनाभराचे काम बाकी होते, असे सर म्हणाले. त्यानंतर आमचे तीन मेळावे झाले. तो एकालाही आला नाही. सरांना मात्र दरवर्षी १४ एप्रिलला त्याचे पत्र येत असे, ते गेले तोपर्यंत.

मागच्या मेळाव्यात आम्ही भोजनगृहात गेलो होतो. आता भिंतीला नळ आहेत, गाळणयंत्र आहे. फळी तीच आहे. आमच्या पेल्यांपैकी अकरा मोजले; पोचे आलेले, कडा झिजलेले. एक सहावीतली मुलगी त्यातला एक उचलून पाणी पीत होती.

संपादक मंडळास एक विनंती आहे. या स्मरणिकेची एक प्रत आनंदच्या गावच्या पत्त्यावर टपालाने पाठवावी. पत्ता शाळेच्या १९९७-९८ च्या पटावर आहे, अनुक्रमांक सतरा.