माळावरची पुंगळी

मे महिन्यात शेळ्या चारताना मला माळावर दोन पितळी नळ्या सापडल्या. धाकटा म्हणाला, "भंगारात देऊ, गारेगार खाऊ."

मी एक आजोबांना दाखवली. आजोबा फौजेत होते. तिच्या बुडावर इंग्रजीत के, एफ आणि ४३ कोरलं होतं. आजोबा म्हणाले, "ही ३०३ रायफलीची पुंगळी. के एफ म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना. साल १९४३. बुडावर मधोमध खळगा आहे, म्हणजे बार उडालेला."

मग मी खिशातली दुसरी काढली. तिला खळगा नव्हता. टोकाला गोळी तशीच होती. आजोबा एकदम गप्प झाले. त्यांनी ती हळूच ओट्यावर ठेवली अन् पोलीस पाटलांना बोलावलं.

मी तर ती दगडाने ठेचणार होतो!

मित्रांनो, असं काही दिसलं तर हात लावू नका. आधी मोठ्यांना सांगा.